अकाशी, वाळूज, गोंदिया

भाऊबीज आटोपली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, मंडया म्हणजे गावजत्रा सुरू होतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. कुठे दंडार, कुठे रात्रभर नाटक. आमगाव-सालेकसा असो की अर्जुनी मोरगाव, मंडईच्या गावाबाहेर मोटारसायकलींची रांग लागते. एकेका गाडीवर नवरा-बायको, मध्ये एक लेकरू, टाकीवर दुसरं आणि हँडलला पाहुणचाराची पिशवी. त्यात एखादी जुनी बॉक्सर किंवा कॅलिबर अजून सापडते. या गाड्या बाजारात आल्या त्या 'कावासाकी बजाज' या जोडनावाने. पुढे त्यातलं पहिलं नाव गळालं. ते कसं आलं आणि का गेलं, हा दुचाकीच्या धंद्यातला मोठा शहाणा व्यवहार आहे.

कावासाकी ही मुळात जहाजं बांधणारी कंपनी. कावासाकी शोझो यांनी १८७८ साली टोकियोच्या त्सुकिजी भागात गोदी काढली. पुढे कोबे हे ठाणं झालं. जहाजांमागून रेल्वेची इंजिनं आणि डबे आले, मग विमानं. दुसऱ्या महायुद्धात जपान हरला, विमानं बनवायला बंदी आली आणि विमानाची इंजिनं घडवणारे हात रिकामे झाले. कोबेजवळच्या अकाशीत त्यांनी दुचाकीची छोटी इंजिनं बनवून दुसऱ्या कंपन्यांना विकायला सुरुवात केली. स्वतःची गाडी यायला १९६०चं दशक उजाडलं. मेगुरो ही जुनी मोटारसायकल कंपनीही त्याच सुमारास पदरात पडली. तरी होंडा, सुझुकी, यामाहा कितीतरी पुढे होत्या. १९६३ साली ह्योगो प्रांतातल्या एका मोटोक्रॉस शर्यतीत कावासाकीच्या बी-८ गाड्यांनी पहिले सहाच्या सहा क्रमांक पटकावले, तेव्हा कुठे कारखान्यात हुरूप आला.

पण कंपनीला खरा पैसा दिसला तो अमेरिकेत. १९६९ची पाचशे सीसीची माख थ्री, १९७२ची नऊशे तीन सीसीची झेड-वन, ही तिथल्या रुंद, सरळ रस्त्यांची भूक होती. १९७४ साली नेब्रास्कातल्या लिंकन गावी कारखानाच उभा राहिला. १९८१मध्ये केएलटी-२०० हे जाड, फुगीर टायरांचं तीनचाकी वाहन आलं आणि कंपनी एटीव्हीच्या, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या गाड्यांच्या, धंद्यात उतरली. पुढे चारचाकी एटीव्ही आल्या, १९८८मध्ये शेतमाल वाहणारी 'म्यूल' आली. एकरच्या एकर सपाट कुरण असलेल्या शेतकऱ्याला ती सोयीची. गोंदियातल्या धानाच्या बांधीत तिला घेऊन करायचं काय? रोवणीनंतर बांधीत पाणी, आणि दोन बांध्यांमधला धुरा हातभर रुंद. त्यावरून माणूस जातो, सायकल जाते आणि चालवणारा पक्का असेल तर मोटारसायकल जाते. चार चाकं दोन्हीकडच्या चिखलात उतरतील.

इकडे बजाजची गोष्ट सुरू होते वर्ध्यात, जमनालाल बजाजांच्या घरापासून. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस वर्ध्यावरून जाते, तशी पुण्यावरूनही जाते. बजाजचं पुढचं सगळं स्कूटरपुराण त्या पुण्याजवळच्या आकुर्डीत घडलं. इटलीच्या पियाजिओकडून परवाना घेऊन स्कूटर बनवल्या, तो करार संपल्यावर चेतक काढली. स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. १९८०च्या दशकात सरकारने परदेशी तंत्राला दार किलकिलं केलं आणि चार जपानी कंपन्या शंभर सीसीच्या गाड्या घेऊन आल्या: सुझुकी टीव्हीएसकडे, होंडा हिरोकडे, यामाहा एस्कॉर्ट्सकडे, कावासाकी बजाजकडे. औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) वाळूजला नवा कारखाना झाला. १९८५च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि १९८६मध्ये केबी-१०० बाजारात आली.

होंडाने हिरोबरोबर भागीदारीची कंपनी काढली होती. कावासाकीने बजाजला तंत्र दिलं, मालकीत वाटा घेतला नाही. माझ्या मते पुढचं सगळं या एका फरकातून आलं.

केबी-१०० टू-स्ट्रोक होती. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट, म्हणून ओढ चांगली. पण ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातो. पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, प्लगवर काजळी धरते. सकाळी किका मारून पाय दुखला की प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारून परत बसवायचा. ही विद्या तेव्हा प्रत्येक गाडीवाल्याच्या हातात होती. हिरो होंडाची फोर-स्ट्रोक गाडी मात्र ॲव्हरेजवर गावंच्या गावं जिंकत गेली. १९९१मध्ये बजाजने कावासाकीच्याच तंत्रावर फोर-एस चॅम्पियन काढली, १९९७मध्ये बॉक्सर, १९९८मध्ये कॅलिबर. बॉक्सर दिसायला साधी, पण लांब सीट आणि दणकट कॅरिअर. धानाचं पोतं, दुधाच्या कॅन, तेंदूपत्त्याच्या हंगामात सगळं बिऱ्हाड, ती काहीही वाहून नेई. एटीव्हीने अमेरिकेत जे काम केलं, ते इथे दोन चाकांवर झालं.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला; त्याच वर्षी पुण्याजवळच्या चाकणला बजाजचं उत्पादन सुरू झालं. नोव्हेंबर २००१मध्ये पल्सर आली. ती बजाजची स्वतःची. जपान्यांकडे पंधरा वर्षं शिकलेला विद्यार्थी आता स्वतः गणितं मांडू लागला होता.

तरी भांडण झालं नाही. कावासाकीचं लक्ष मोठ्या गाड्यांवर आणि एटीव्हीवर, बजाजचं छोट्या गाड्यांवर. एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात येतच नव्हता. उलट फिलिपाइन्समध्ये बजाजची सीटी-१०० कावासाकीच्या दुकानांतून, कावासाकीच्या नावाने खपली. ज्याच्याकडून शिकलो, त्यालाच गाड्या पुरवल्या! भारतात २००९पासून कावासाकीच्या निन्जा गाड्या विकण्याचं काम बजाजकडे होतं, ते एप्रिल २०१७मध्ये थांबलं. कावासाकी आता चाकणला स्वतःच्या मोठ्या गाड्या जोडते. बॉक्सरच्या वंशातल्या गाड्या आफ्रिकेत टॅक्सी म्हणून धावतात, युगांडात अशा टॅक्सींना बोडाबोडा म्हणतात. आणि एमएच ३५ ही जिल्ह्याची पाटी लावलेली बजाजची शंभर सीसीची प्लॅटिना अजूनही गोंदियाच्या बाजारातून पोतं आडवं टाकून गोरेगावकडे निघते.