वैमानिकाच्या डोळ्यांपुढची अंधारी

पाण्याची बादली उभी गरगर फिरवली तरी पाणी सांडत नाही, हे आपण वर्गात करून दाखवतोच. पाणी तळाकडे दाबले जाते. दुसऱ्या महायुद्धात खाली सूर मारलेले विमान झटकन वर वळवताना वैमानिकाच्या रक्ताचे असेच होई. रक्त पायांकडे ओढले जाई, डोळ्यांपुढे अंधारी येई आणि कधी शुद्धच हरपे.

याचे गणित मुलांनाही जमेल. बसलेल्या माणसाचे डोळे हृदयापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर उंच असतात. तेवढे रक्त वर चढवण्यात पाऱ्याच्या सुमारे २३ मिलिमीटरइतका दाब खर्च होतो. वजन पाचपट झाले की खर्च ११५! हृदयाचा वरचा दाब १२० च्या आसपास. मग डोळ्यांना काय उरणार?

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये अर्ल वुड आणि सहकारी माणसांना प्रचंड फिरत्या यंत्रात बसवून हे तपासत, स्वतःही बसत. पाय आणि पोट आवळणारा, हवेने फुगणारा पोशाख धमन्यांतला दाब टिकवतो, हे त्यांनी दाखवले. पण गरगर फिरणाऱ्या माणसाचा रक्तदाब ठोक्यागणिक मोजायचा, कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा, हे काम अवघड होते. माझ्या मते पोशाखापेक्षा ही मोजण्याची साधनेच अधिक मोलाची ठरली.

युद्धानंतर तीच हृदयरोग्यांसाठी वापरात आली. शिरेतून बारीक नळी हृदयात सरकवून प्रत्येक कप्प्यातला दाब आणि ऑक्सिजन मोजता येऊ लागला. उजव्या कप्प्यातल्या रक्तात अपेक्षेपेक्षा जास्त ऑक्सिजन सापडला, तर मधल्या पडद्याला छिद्र असल्याचा संशय बळावतो. तिथेच १९५५ मध्ये जॉन कर्कलिन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने अशी छिद्रे बुजवायला सुरुवात केली. कानावरच्या मापकाची पुढची पायरी १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी गाठली. करोनाच्या साथीत बोटाला लावलेला चिमटा तो हाच.

आता आपल्या शाळेकडे येऊ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्धा जिल्ह्यातल्या शाळांतही मुले तपासतात; पण मुलांना रोज पाहतो तो शिक्षक. धावताना एखाद्याचे ओठ निळे पडतात, तो खेळ सोडून उकिडवा बसतो. हा आळस नव्हे. दुमडलेल्या पायांत धमन्या दबतात, शरीरातला दाब वाढतो आणि फुप्फुसांकडे थोडे अधिक रक्त वळते. वैमानिकाचा पोशाखही धमन्या अशाच आवळतो. असे मूल दिसले तर पथकाची वाट न पाहता पालकांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. या कार्यक्रमात पुढील तपासणी आणि उपचार मोफत होतात.