उथळ पाण्यातील जोखीम

सुटीतला प्रवास म्हणजे देवदर्शन, नातेवाइकांकडील मुक्काम किंवा फार तर माथेरान-महाबळेश्वर, ही मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाची कल्पना गेल्या दोन दशकांत पुष्कळच पालटली आहे. आता शिक्षक, कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी असे सारेच मालवणला जातात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी रंगीत मासे पाहून येतात. ज्याला जन्मात पोहता आले नाही तोही ह्या अनुभवाला मुकत नाही. 'पोहता येत नसले तरी चालेल' असे आश्वासन किनाऱ्यावर सर्रास मिळते. समुद्रतळ ही मूठभर श्रीमंतांची मिरास राहिली नाही, ह्याचे स्वागतच करावयास हवे. प्रश्न आहे तो एवढाच की, ही जी वस्तू आपण पैसे मोजून घेतो तिच्यात काय काय बांधलेले असते, हे घेणाऱ्याला कितपत ठाऊक असते?

'पाणी फार खोल नाही, वीस-पंचवीस फूटच आहे,' हे वाक्य मालवणच्या धक्क्यावर हमखास ऐकू येते. घाबरलेल्या आईवडिलांचे त्याने समाधानही होते. परंतु शाळेत शिकलेला बॉइलचा नियम ह्या समाधानाला आधार देत नाही. समुद्रात दर 10 मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर एक, 10 मीटरवर दोन, 20 मीटरवर तीन. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. ह्याचा अर्थ असा की, 20 मीटरवरून 10 मीटरवर येताना छातीतील हवा दीडपट फुगते. पण 10 मीटरवरून पृष्ठभागावर येताना ती दुप्पट होते. हवेच्या आकारमानातील सर्वांत मोठा फरक तळाशी नव्हे, तर वरच्या उथळ थरातच पडतो.

विहिरीत सूर मारणाऱ्या मुलाला ह्याची भीती नसते. त्याने छातीत भरून नेलेली हवा पृष्ठभागावरची असते. खाली ती आकुंचन पावते आणि वर आल्यावर मूळ आकाराला येते. स्कूबा करणारा मात्र खालीच, त्या खोलीच्या दाबाची हवा श्वासावाटे घेतो. समजा, 6 मीटरवर त्याने छाती भरून श्वास घेतला आणि त्याच क्षणी चष्म्यात पाणी शिरल्यामुळे घाबरून, श्वास कोंडून, तो वर उसळला, तर ती हवा दीडपटीहून अधिक फुगू पाहते. फुप्फुस तेवढे ताणले जात नाही. त्याचे अस्तर फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत पोचू शकतात. पोहण्याच्या तलावात, पुरुषभरही नसलेल्या पाण्यात, असे अपघात घडल्याची वैद्यकीय नोंद आहे. म्हणूनच ह्या विद्येचा पहिला पाठ 'श्वास कधीही कोंडू नका' असा असतो. गंमत अशी की, जन्मभर नदीत पोहलेल्याची सवय नेमकी ह्याच्या उलट असते. (वर्तमानपत्रांतून ह्या सिलिंडरला 'ऑक्सिजनचे सिलिंडर' म्हणण्याची प्रथा पडली आहे, तीही चुकीची आहे. त्यात साधी दाबून भरलेली हवा असते. निव्वळ प्राणवायू तर 6 मीटरच्या खाली विषासमान ठरू लागतो.)

रीतसर अभ्यासक्रमात हे सारे शिकवावयास तीन-चार दिवस घेतात आणि त्यानंतरही नवशिक्याला 18 मीटरच्या मर्यादेत ठेवतात. सुटीतल्या पर्यटकाला हेच ज्ञान धक्क्यावर किंवा होडीत, काही मिनिटांत, हातांच्या खुणांसह दिले जाते. आणि उरलेली सारी भिस्त त्याला हाताने धरून नेणाऱ्या मार्गदर्शकावर असते. हे मार्गदर्शक पुष्कळदा मच्छीमारांच्या घरांतले तरुण असतात. समुद्र त्यांना तळहातासारखा ठाऊक असतो, आणि त्यांच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पर्यटकाच्या हृदयाची अवस्था त्यांना कशी ठाऊक असावी?

एक अर्ज म्हणून असतो. आमच्या महाविद्यालयाच्या सहलीत तो विद्यार्थ्यांच्या हातात पडला तेव्हा होडी सुटण्याच्या बेतात होती. दमा, अपस्मार, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, सध्याची सर्दी असे प्रश्न ओळीने होते आणि सर्वांखाली, जे काही होईल त्याची जबाबदारी माझी, अशा अर्थाचा मजकूर. चाळीस मुलांनी दोन-तीन पेनांवर तो पाच मिनिटांत भरला. दम्याची फवारणी खिशात बाळगणाऱ्या एका मुलीनेही सर्वत्र 'नाही' लिहिले. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, 'हो' लिहिलं तर पाण्यात सोडणार नाहीत, आणि पैसे तर भरले आहेत." तिला होडीतच बसवून ठेवले, ह्याचा राग ती परतीच्या प्रवासापर्यंत विसरली नाही.

तिचे उत्तर मात्र अर्थशास्त्राच्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. 1970 साली जॉर्ज अकरलॉफ ह्यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे 2001 साली नोबेल पारितोषिकाने त्यांचा गौरव झाला. त्यांचा मुद्दा असा : मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर चांगल्या मालाला योग्य किंमत मिळत नाही आणि वाईट माल त्याला बाजारातून हुसकावून लावतो. धक्क्यावरचा पर्यटक दोन गोष्टी पाहू शकतो : दर आणि फुकट मिळणारी चित्रफीत. हवा भरणाऱ्या यंत्राचे तोंड इंजिनाच्या धुराजवळ आहे काय, होडीत तातडीचा प्राणवायू आहे काय, मार्गदर्शकाने सकाळपासून किती बुड्या मारल्या, ह्यांपैकी त्याला काहीच दिसत नाही. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. तेव्हा जो प्रामाणिकपणे ह्यांवर खर्च करतो त्याचा दर शे-दोनशेने चढतो आणि गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाते. नेहमीच्या वाण्याला निदान उद्याची काळजी असते; पुन्हा कधीही न येणाऱ्या पर्यटकाच्या बाबतीत तीही राहत नाही.

24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबा आटोपून परतणारी, सुमारे वीस जणांना घेऊन येणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक मरण पावले. मृत्यू पाण्याखाली झाला नाही. किनाऱ्याकडे येताना, हंगामाच्या अखेरीच्या खवळलेल्या समुद्रात झाला. आपण ज्याला स्कूबा म्हणतो त्यात ही होडी, तिच्यातील माणसांची संख्या आणि त्या दिवसाचा वाराही येतो, हे तेव्हा दिसले. अशा घटनेनंतर भुर्दंड पडतो तो एकट्या होडीमालकाला नव्हे. ज्यांनी नियम पाळले त्यांच्याही होड्या रिकाम्या राहतात. एकाने वाचवलेला खर्च असा साऱ्या किनाऱ्याच्या खात्यावर पडतो.

ह्यावर बंदी हा उपाय नव्हे. राज्य शासनाने 2021 साली साहसी पर्यटनाचे धोरण आखून व्यावसायिकांच्या नोंदणीची व्यवस्था केली; पण नोंदणी फायलीत असून भागत नाही, ती धक्क्यावर दिसावयास हवी. दराच्या फलकाशेजारीच मार्गदर्शकाचे प्रशिक्षण, होडीची प्रवासी-मर्यादा, प्राणवायूची सोय आणि सिलिंडरच्या तपासणीची तारीख लिहिणे सक्तीचे केले, तर पर्यटक निदान तुलना करू लागेल. 'हो' लिहिणाऱ्याचे पैसे ताबडतोब परत मिळतील, हा नियम तर उद्याच करता येईल. त्यावाचून त्या अर्जात खरे उत्तर कोणी लिहिणार नाही.

रजा प्रवास सवलतीत अंदमानला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावयास वेळ लागतो आणि विमानातील कमी दाबात त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. म्हणून एका बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. सहलीचा कार्यक्रम आखणारे पुष्कळदा स्कूबा शेवटच्या सकाळी ठेवतात आणि दुपारचे विमान. ती पहिल्या-दुसऱ्या दिवशी मागून घ्यावी. त्याला जादा पैसे पडत नाहीत.