सहा आकड्यांची करामत

दिवाळीचे शुभेच्छापत्र आता वेबपानावर येते. पान उघडावे तो आकाशकंदील डुलतो, पणती मोठी होते, शीर्षक जरासे कलते. वळणे, वाढणे, कलणे, सरकणे हे सारे अवघ्या सहा आकड्यांत मावते. त्यालाच म्हणतात मॅट्रिक्स. (मॅट्रिकच्या परीक्षेशी संबंध नाही, घाबरू नये!) हा शब्द १८५० मध्ये सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने गणितात आणला, आणि १८५८ मध्ये त्याच्या मित्राने, आर्थर केलीने, वकिली सांभाळून त्याचे शास्त्र मांडले.

१, ०, ०, १, ०, ० असे लिहिले, तर चौकट जशीच्या तशी राहते. पहिला आणि चौथा आकडा २ केला की रुंदी-उंची दुप्पट. पहिलाच उणे १ केला, तर मजकूर आरशात पाहावा तसा उलटा! शेवटचे दोन आकडे चौकट नुसती सरकवतात. खरी गंमत मधल्या दोघांची. तिसरा उणे ०.२ करा, अक्षरे उजवीकडे झुकतात, काने तिरपे होतात, पण आपली देवनागरी शिरोरेषा आडवीच राहते. दुसरा ०.२ केलात, तर मात्र शिरोरेषाच उतरणीला लागते. ते काही डोळ्यांना बरे दिसत नाही.

दोन क्रिया एकामागून एक करायच्या असल्या, तर क्रम सांभाळावा. चौकात उभे राहून आधी डावीकडे वळा आणि दहा पावले चाला. मग पुन्हा तिथूनच आधी दहा पावले चालून नंतर वळा. दोन्ही वेळा एकाच दारात पोहोचाल काय?

पहिल्या-चौथ्याच्या गुणाकारातून दुसऱ्या-तिसऱ्याचा गुणाकार वजा केला आणि शून्य उरले, तर चौकट पडद्यावरून गडपच होते. सारे आकडे १ ठेवून शेवटचे दोन शून्य करा, की झालेच!

नवशिक्याला चकवणारी गोष्ट निराळीच आहे. चौकट फिरली, सरकली, तरी पानावरची तिची मूळ जागा तिच्याच नावावर राहते. चाळीतला बिऱ्हाडकरू गावी गेला तरी खोली त्याचीच, तसे. शेजारचा मजकूर तसूभर हलत नाही. पानाची मांडणी पुन्हा करावी लागत नाही, म्हणून तर हे काम झटपट होते. पण कललेला कोपरा शेजारच्या ओळीवर चढतो, आणि निमंत्रणातली नेमकी वेळच त्याखाली झाकली जाते. भोवतालची मोकळी जागा लिहिणाऱ्यानेच आधी राखावी. ब्राउझर ती सोडत नाही.