चॅट्सवर्थ

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील एक इतिहासप्रसिद्ध ग्रामीण प्रासाद व त्याभोवतीचे उद्यान. बेकवेल या गावाच्या ईशान्येस सु. ५ किमी.वर, डर्वेंट नदीच्या पूर्वतीरावर ते असून डेव्हनशरच्या ड्यूकांचे, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचे ते परंपरागत निवासस्थान होय. नदीपलीकडील एडेन्सर (स्थानिक उच्चार ‘एन्झर’) हे खेडे याच जहागिरीत मोडते.

महाराष्ट्रातील जहागीरदाराचा वाडा सामान्यतः गावातच, वस्तीला लागून असे. इंग्लिश ग्रामीण प्रासाद बहुधा गावापासून अंतर राखून उभा राही आणि त्याच्या गवाक्षांतून दृष्टी पोहोचेल तेथपर्यंतची भूमी त्याच्या रचनेचाच भाग मानली जाई. चॅट्सवर्थ पाहताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण तेथे जे निसर्गसिद्ध वाटते, ते बव्हंशी योजनापूर्वक घडविलेले आहे.

सर विल्यम कॅव्हेंडिश व त्याची पत्नी एलिझाबेथ (‘बेस ऑफ हार्डविक’) यांनी १५४९ मध्ये ही जहागीर विकत घेतली आणि १५५२ मध्ये बांधकामास आरंभ केला. स्कॉटलंडची राणी मेरी बंदिवासात असताना तिला अनेकदा येथे ठेवण्यात आले होते. आजच्या प्रासादाचा मुख्य भाग मात्र पहिल्या ड्यूकने १६८७ ते १७०७ या काळात टप्प्याटप्प्याने उभारला. दक्षिण व पूर्व दर्शनी भाग विल्यम टॉलमन या वास्तुविशारदाचे असून दिवाणखान्यातील भित्तिचित्रे लुई लागेर या फ्रेंच चित्रकाराची आहेत.

उद्यानात तीन युगांचे अवशेष एकत्र नांदतात. पहिल्या ड्यूकच्या काळातील चोवीस पायऱ्यांचा सोपान-प्रपात फ्रेंच धर्तीचा, रेखीव आहे. १७६० नंतर चौथ्या ड्यूकसाठी लॅन्सेलॉट (‘केपेबिलिटी’) ब्राउनने भौमितिक वाफे बरेचसे मोडून हिरवळीचे उतार व वृक्षांचे पुंजके योजिले आणि नदीच्या पात्रातही फेरफार केले. तिसरे युग जोझेफ पॅक्स्टनचे (१८०३–६५). अविवाहित सहाव्या ड्यूकने १८२६ मध्ये या तरुणास प्रमुख माळी नेमले. पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनातील स्फटिकप्रासादाची (क्रिस्टल पॅलेस) कल्पना त्याने साकार केली, तिची पूर्वतयारी येथील काचगृहांत झाली होती. रशियाचा झार पहिला निकोलस भेटीस येणार, अशा अपेक्षेने १८४३–४४ मध्ये पॅक्स्टनने एक प्रचंड कारंजे बांधले. त्यासाठी प्रासादाहून सु. १०७ मी. उंचीवर माळरानात तलाव खोदण्यात आला. पंप न वापरता, केवळ उताराच्या दाबाने, पाणी ९० मी.पर्यंत उसळल्याची नोंद आहे. झार आलाच नाही.

या उद्यानाचा भारताशीही संबंध आहे. पॅक्स्टनच्या हाताखालील जॉन गिब्सन १८३५ मध्ये भारताकडे निघाला आणि कलकत्त्याचे वनस्पतिउद्यान व खासी टेकड्या यांतून १८३७ मध्ये विपुल आमरे व ॲम्हर्स्टिया (उर्वशी) हा ब्रह्मदेशीय पुष्पवृक्ष घेऊन परतला. मॉरिशसहून आलेल्या एका ठेंगण्या केळीस १८३५ मध्ये येथील काचगृहात फुलोरा आला व तिला धन्याचे कुलनाम मिळाले. ही केळ मूळची चीनकडील. चॅट्सवर्थने तिला दिले ते नाव व प्रसिद्धी. खानदेशातील ‘बसराई’ याच कॅव्हेंडिश गटातील होय.

एडेन्सर हे पुरातन खेडे असून ‘डूम्सडे’ या १०८६ च्या नोंदवहीत त्याचा उल्लेख आहे. त्याची घरे पूर्वी नदीच्या बाजूस, प्रासादाच्या दृष्टिपथात पसरलेली होती. ब्राउनच्या काळात दर्शनी भागातील काही घरे हलविण्यात आली. उरलेले गाव सहाव्या ड्यूकने १८३८ च्या सुमारास काढण्यास आरंभ केला व टेकडीच्या आडोशाला नवी वसाहत उभारली. पॅक्स्टनने योजना आखली आणि जॉन रॉबर्ट्सन या वास्तुविशारदाने घरांचे आराखडे केले. येथील घरे एका साच्याची नाहीत. एक स्विस लाकडी घरासारखे, दुसरे ट्यूडर धर्तीचे, तिसरे इटालियन, तर एखाद्यास किल्ल्यासारखे कंगोरे. जुन्या गावातील एक घर मात्र हिरवळीत एकटेच राहिले आहे. त्याविषयी आख्यायिका आहेत, पण त्या विश्वसनीय मानता येत नाहीत. नवी घरे जुन्यांपेक्षा भक्कम व आरोग्यदायक होती, हे खरे. तथापि स्थलांतर हे रहिवाशांच्या मागणीने नव्हे, तर धन्याच्या मर्जीने झाले. पुलावरून दिसणाऱ्या प्रशांत देखाव्याला त्या रिकाम्या झालेल्या जागेचा मोठा आधार आहे. प्रवासवर्णनांतून तिचा उल्लेख अभावानेच आढळतो.

अठराव्या शतकापासून सभ्य प्रवाशांना प्रासाद दाखविण्याची प्रथा होती. १८४९ मध्ये जवळच्या रोझली गावापर्यंत लोहमार्ग आल्यावर कारखान्यांतील कामगारही मोठ्या संख्येने येऊ लागले. विसाव्या शतकात चित्र पालटले. पहिल्या महायुद्धात कोळशाअभावी प्रचंड काचगृहातील झाडे गारठून मेली व १९२० मध्ये ते पाडण्यात आले. दहावा ड्यूक १९५० मध्ये निवर्तल्यावर ८० टक्के मृत्युकर आकारण्यात आला. तो फेडण्यासाठी हार्डविक हॉल, अनेक कलाकृती व मोठा भूप्रदेश यांवर पाणी सोडावे लागले. प्रासाद, उद्यान व संग्रह यांची देखभाल १९८१ मध्ये स्थापन झालेल्या न्यासाकडे आहे. घराणे तेथेच राहते, पण वास्तू टिकते ती मुख्यत्वे प्रेक्षकांच्या प्रवेशमूल्यावर.

एडेन्सरची घरे प्रेक्षणीय असली, तरी त्यांत कुटुंबे राहतात. ती बाहेरूनच पाहावयाची. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने १८६० च्या दशकात पुन्हा बांधलेल्या सेंट पीटर चर्चच्या आवारात ड्यूकांच्या साध्या समाध्या आहेत. पॅक्स्टनला तेथेच पुरले असून, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची भगिनी कॅथलीन (मृ. १९४८) हिची कबरही तेथे आहे. कॅव्हेंडिश घराण्याच्या या सुनेच्या कबरीस केनेडी यांनी जून १९६३ मध्ये भेट दिली होती.