लाल घोडा, हिरवा सैतान

चॉकलेटच्या जाहिरातीत घोडा कशाला? तोही लालभडक! पोस्टरकार लिओनेत्तो कापिएल्लोनं १९०३मध्ये 'क्लाउस' चॉकलेटसाठी नेमकं हेच केलं. काळीकुट्ट पार्श्वभूमी, हिरव्या झग्यातली बाई, खाली उधळलेला घोडा. चॉकलेटशी काडीचा संबंध नाही, पण लक्षात राहतो तो घोडाच.

हा गडी मूळचा इटलीतल्या लिव्होर्नोचा, जन्म १८७५. पॅरिसमध्ये नटनट्यांची अर्कचित्रं काढून नाव कमावलं. मोजक्या रेषांत माणूस पकडायची ती सवयच पोस्टरांत उतरली, असं मला वाटतं. रस्त्यानं जाणाऱ्याला एका नजरेत कळलं की झालं!

पुढे १९०६मध्ये 'मोरँ किना' या मद्याच्या पोस्टरवर हिरवा सैतान आला, १९२१मध्ये 'कंपारी' मद्याच्या पोस्टरवर संत्र्याच्या सालीत गुंडाळलेला विदूषक. माझं मत सैतानाला. शोधून बघाच, पण मोठ्या स्क्रीनवर.