हवेचा दाब आणि गळाला लागणारा मासा

अमेरिकेतील टेनेसी राज्यात माझा एक भाचा राहतो. त्याच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर एक पितळी वायुभारमापक टांगलेला आहे. वसंत ऋतूत रोज पहाटे, गळ घेऊन तळ्याकडे निघण्यापूर्वी, हे गृहस्थ त्याच्या काचेवर टिचकी मारतात व काटा निरखतात. काटा उतरत असला की लगबगीने निघायचे. रात्रीतून वर चढलेला दिसला की पुन्हा अंथरुणात शिरायचे! भाच्याने मला विचारले, ‘मामा, तुम्ही इतकी वर्षे पदार्थविज्ञान शिकवलेत. यात तथ्य किती ते सांगा.’ प्रश्न वाटला तितका सोपा निघाला नाही. म्हणूनच तो आज आपणापुढे मांडावा असे मनात आले.

प्रथम माशाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव क्रॅपी. कोणी क्रॉपीही म्हणतात. हा गोड्या पाण्यातला, पसरट अंगाचा, रुपेरी मासा. एक जात पांढरी व एक काळी. ओठाभोवतीची कातडी इतकी पातळ की गळ जोराने ओढला तर तोंड फाटून मासा निसटतो. लुइझियानाकडचे फ्रेंच बोलणारे लोक त्याला ‘दुधाची पिशवी’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. तो वजनाने फार मोठा होत नाही. १९५७ साली मिसिसिपी राज्यात एनिड धरणापाशी सापडलेला पांढरा क्रॅपी पाच पौंड तीन औंसांचा होता, आणि गळाने धरलेल्या पांढऱ्या क्रॅपीचा विक्रम म्हणून त्याचीच नोंद झाली. सामान्यतः पाऊण-एक पौंडाचा मासा मिळाला तरी लोक खूष असतात. १८११-१२ च्या भूकंपांत जमीन खचून टेनेसीत रीलफूट नावाचे सरोवर तयार झाले. त्याच्या पाण्यात उभ्या असलेल्या झाडांच्या बुडख्यांपाशी हे मासे थव्याथव्याने असतात.

आता त्या गृहस्थांचा सिद्धान्त. वादळ येण्यापूर्वी हवेचा दाब उतरतो, तेव्हा क्रॅपी गळाला तुटून पडतात. वादळ निघून गेले, आकाश निळेभोर झाले व दाब चढला की दोन दिवस त्यांचे तोंड मिटते. ही समजूत त्यांच्या एकट्याची नाही. मासे धरणारी हजारो माणसे ती पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत, आणि तिच्यामागे अनुभव आहे हे आपण आधीच कबूल करू. मासे त्या वेळी खातात की नाही हा वाद नव्हे. दाबामुळे खातात की काय, एवढाच प्रश्न.

शास्त्रीय बाजूने या समजुतीला आधार दिला जातो तो असा. क्रॅपीच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. तिच्यायोगे मासा पाण्यात हवा तेथे अधांतरी राहू शकतो. काही माशांचा वाताशय नळीने घशाशी जोडलेला असतो, क्रॅपीचा मात्र बंद असतो. त्यात वायू भरणे किंवा त्यातून काढणे हे काम रक्तामार्फत, सावकाश चालते. बाहेरचा दाब कमी झाला की पिशवी फुगणार, वाढला की आकसणार, मग मासा अस्वस्थ होणार व त्याची अन्नावरची वासना जाणार, असा हा युक्तिवाद आहे. ऐकायला तो बिनतोड वाटतो. पण त्यात किती हा प्रश्न विचारायचा राहून गेला आहे.

टॉरिचेलीने १६४३ च्या सुमारास दाखवून दिले की, समुद्रसपाटीला हवेचा भार सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीचा पारा तोलून धरतो. अमेरिकन यंत्रांवर ही उंची इंचांत लिहितात, म्हणजे ३० इंचांना थोडी कमी. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून किंचित अधिक जड. म्हणून एक इंच पाऱ्याचा दाब म्हणजे साडेतेरा इंच पाण्याचा दाब. वसंतातल्या एखाद्या चांगल्या जोरदार वादळात पारा अर्धा इंच उतरला असे धरू. त्याचे पाण्यात रूपांतर केले तर होतात पावणेसात इंच. वीतभरसुद्धा नाही!

याचा अर्थ असा की, वादळामुळे माशाला जो फरक पडला तो, तो सहज वीतभर वर सरकला असता तर पडला असता तेवढाच. क्रॅपी तर भक्ष्यामागे दिवसातून कितीदा हात-दोन हात वरखाली करतो. तीन मीटर खोलीवरच्या माशाचे गणित पाहा. तेथे हवा व पाणी मिळून एकंदर दाब १,३०० मिलिबारांच्या आसपास. त्यात वादळाने १७ मिलिबार कमी केले. वाताशय फुगला शंभरात सव्वा भाग. गोड्या पाण्यातील माशाचा वाताशय त्याच्या देहाच्या साधारण चौदाव्या हिश्शाएवढा, तेव्हा सर्व देहाच्या मानाने ही वाढ हजारात एक भागही भरत नाही. शिवाय वाऱ्याने तळ्यावर फूटभर उंचीची लाट उठली की उथळ पाण्यातील माशाच्या डोक्यावरचा भार दर दोन-तीन सेकंदांना याच्या बरोबरीने हेलकावे खातो. आणि नेमक्या अशा लाटांच्या वेळीच गळकरी खूष असतात.

यावर कोणी म्हणेल, माशाला तो फरक जाणवत असेल. असेल. काही माशांना तो निश्चित जाणवतो. युरोपात लोच जातीचा एक मासा आहे, तो वादळापूर्वी येरझारा घालू लागतो. म्हणून पूर्वी तेथील लोक तो बरणीत पाळीत. त्या माशाचा वाताशय बारीक हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेला असतो. क्रॅपीला ही सोय नाही. याहून नवलाची हकीकत फ्लॉरिडाची. सप्टेंबर २००१ मध्ये ‘गॅब्रिएल’ वादळ येण्यापूर्वी टेरा सिआ उपसागरातील लहान शार्क मासे खोल पाण्याकडे निघून गेले व वादळ ओसरल्यावर परतले. त्यांच्या अंगात ध्वनिप्रेषक बसवलेले असल्यामुळे ही नोंद झाली. त्यांच्या निघण्याची वेळ दाब उतरण्याशी जुळत होती. गंमत अशी की शार्कला वाताशयच नसतो! तेव्हा दाबाची जाणीव ही गोष्ट असंभाव्य नाही. पण शार्क पळाले, भुकेने गळावर धावले नाहीत. जाणीव वेगळी आणि भूक वेगळी.

मग क्रॅपीची भूक कोण ठरवते? यासाठी पाऱ्याबरोबर आणखी काय काय बदलते ते पाहावे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नॉर्वेतील बर्गेन येथे ब्येर्क्नेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी थंड व उबदार हवेच्या सीमारेषेला रणांगणावरून ‘आघाडी’ हे नाव दिले. थंड हवेची आघाडी येण्यापूर्वी दक्षिणेकडून उबदार, दमट वारा वाहतो, ढग दाटतात, उजेड मंदावतो. क्रॅपीचे डोळे मोठे; त्याची शिकारीची वेळ म्हणजे पहाट, सांज व रात्र. कित्येक जण रात्री पाण्यावर कंदील लावून त्याला धरतात, कारण उजेडाभोवती किडे व बारीक मासे जमतात आणि त्यांच्यामागे क्रॅपी येतो. ढगाळ दिवस त्याच्या दृष्टीने लांबलेली संध्याकाळच होय. आघाडी पुढे सरकली की वारा वायव्येचा होतो, आकाश लख्ख, उजेड प्रखर, आणि रात्री कडक गारठा. वसंतात क्रॅपी विणीसाठी काठच्या उथळ पाण्यात आलेला असतो. ते पाणी सोळा ते वीस अंशांपर्यंत तापले की वीण होते. हे उथळ पाणी एका रात्रीत झपाट्याने निवते. माशाचे रक्त पाण्याबरोबरच थंड होणारे, म्हणून त्याची पचनक्रिया मंदावते. तो मागे, जरा खोल पाण्यात, बुडालेल्या फांद्यांना चिकटून राहतो. तोंडाशी आमिष आले तरच टिपतो.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. कोकणात मृगाच्या सरींनी ओढे वाहू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. त्या दिवसांत पाराही खाली आलेला असतो. परंतु पाऱ्याने मासे चढवले असे म्हणणारा कोळी मला अद्याप भेटलेला नाही. तो वाहत्या पाण्याकडे बोट दाखवतो. दुसरे असे की, आपल्या प्रदेशात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो व दुपारी चारच्या सुमारास तीन-चार मिलिबारांनी उतरतो. याची दखल कोणी गळकरी घेत नाही.

तर मग ते पितळी यंत्र काढून टाकावे काय? मुळीच नाही. येणाऱ्या ढगांची व वाऱ्याची वर्दी ते देते, एवढे काम थोडे नव्हे. वेल्सच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ जहाज फुटून चारशेहून अधिक माणसे बुडाली. त्या काळात ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय गरीब मासेमारी बंदरांतून वायुभारमापक बसवीत होते. मासे किती मिळतील हे पाहण्यासाठी नव्हे, होड्या परत येतील की नाही यासाठी.

भाच्याला मी हे सारे लिहिले, आणि खाली एक गोष्ट जोडली. ती शेजाऱ्यांना अवश्य सांग म्हणून कळवले. क्रॅपीला दाब खरोखर बाधतो, पण तो हवेचा नव्हे. दहा मीटर पाण्याखाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथून मासा भराभर वर ओढला तर बंद वाताशय दुपटीने फुगतो, आतडी दाबली जातात, डोळे बाहेर येतात. अमेरिकेत बऱ्याच तळ्यांवर ठराविक लांबीहून आखूड मासा परत सोडण्याचा नियम आहे. उथळ पाण्यातला मासा सोडला तर जगतो. पण हिवाळ्यात खोल डोहातून वर काढलेला पोट फुगून पाण्यावरच तरंगत राहतो, किंवा खाली गेला तरी पुष्कळदा मरतो. नियम पाळल्याचे समाधान तेवढे पदरात पडते. भाच्याचे उत्तर आले. शेजाऱ्यांनी काट्यावर टिचकी मारणे सोडलेले नाही. मात्र होडीतल्या दोरीला त्यांनी दर मीटरला एक गाठ मारली आहे, आणि आठव्या गाठीच्या खाली ते आता गळ सोडत नाहीत.