भूर्जाचे गोत्र

सहाव्या शतकाच्या सुमारास स्लाव लोक मध्य व दक्षिण युरोपात पांगू लागले, त्यापूर्वीची त्यांची समाईक भाषा कोणी लिहून ठेविली नाही. तथापि रशियन ‘बेऱ्योझा’, पोलिश ‘ब्झोझा’ आणि बल्गेरियन ‘ब्रेझा’ ही नावे एकत्र मांडून भाषाशास्त्रज्ञांनी त्यांचा पूर्वज ‘बेर्झा’ सिद्ध केला, व तो कोठेही लिखित सापडत नसल्याने त्याच्या माथ्यावर तारकाचिन्ह दिले. अर्थ सर्वत्र एकच, पांढऱ्या सालीचा भूर्जवृक्ष. पुढे दक्षिणेकडील स्लावांनी त्यातील रकार स्वराच्या आधी नेला, पूर्वेकडील स्लावांनी रकारानंतर आणखी एक स्वर घातला, आणि युक्रेनियनांनी तर मार्च महिन्यालाच ‘बेरेझेन’ म्हटले.

‘बेर्झा’च्या मागे गेले, की लिथुआनियन ‘बेर्झस’, जर्मन ‘बिर्के’ आणि आपला ‘भूर्ज’ हे सहोदर भेटतात. ‘भूर्ज’मधील दीर्घ ऊकार आणि रशियन नावाच्या दुसऱ्या अक्षरावरील आघात, ही दोन्ही या सहोदरांच्या समाईक मूळ भाषेतील एकाच लुप्त व्यंजनाची चिन्हे होत, या शास्त्रात याहून मनोहर पुरावा मला दुसरा दिसत नाही.

मात्र शब्दाचे भाग्य वृक्षाशी बांधलेले असते, असे मी मानतो. इटलीत भूर्ज मुख्यतः डोंगराळ भागातच उगवत असल्यामुळे लॅटिनमध्ये याच धातूचे ‘फ्राक्सिनुस’ हे नाव अॅश या दुसऱ्याच झाडाला मिळाले, आणि भूर्जासाठी गॉल लोकांचा शब्द उसना आणावा लागला. स्लावांवर तशी पाळी बीच वृक्षाच्या बाबतीत आली, त्याचे ‘बुक’ हे नाव त्यांनी जर्मानिक शेजाऱ्यांकडून घेतले. त्यावरूनच योझेफ रोस्ताफिन्स्की या पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०८ साली स्लावांचा मूळ मुलूख बीचच्या हद्दीबाहेर असल्याचे प्रतिपादन केले.

भूर्ज मात्र त्यांच्या नित्य व्यवहारात राहिला. २६ जुलै १९५१ रोजी नोव्हगोरोद येथील उत्खननात, आर्तेमी आर्त्सिखोव्स्की यांच्या देखरेखीखाली, सालीवर कोरलेले पहिले पत्र निघाले; तेव्हापासून तेथे ११०० हून अधिक पत्रे मिळाली असून त्यांत कर्जाचे तगादे आहेत, घरगुती निरोप आहेत, आणि तेराव्या शतकातील ओन्फिम नावाच्या मुलाने गिरविलेली मुळाक्षरेही आहेत. इकडे हिमालयाच्या आश्रयाने संस्कृतातही नाव व वस्तू यांची ताटातूट झाली नाही: मुंबई सरकारच्या वतीने १८७५ साली काश्मीरला गेलेल्या गेओर्ग ब्यूलर यांनी मिळविलेली, भूर्जपत्रांवर शारदा लिपीत लिहिलेली ऋग्वेदाची पोथी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या संग्रही आहे.